जुन्या धरणाच्या पाठीला नवी भिंत

धरण जुने झाले, पाझरू लागले अशी बातमी आली की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: मग भेगा बुजवत का नाहीत? बुजवतात की. केरळातल्या मुल्लपेरियार धरणात १९३० च्या दशकात आणि पुन्हा १९६० च्या सुमारास भोके पाडून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने आत भरले होते. तरीही १९८० च्या दशकात त्या धरणाच्या पाठीला तळाशी सुमारे ३२ फूट रुंदीची काँक्रीटची आधारभिंत लावावी लागली. भेगा बुजवून जे साधत नाही ते या भिंतीने कसे साधते, आणि पलीकडे पाणी उभे असताना असले काम करतात तरी कसे, हे समजून घ्यायला मुल्लपेरियारइतके चांगले उदाहरण आपल्या देशात दुसरे नाही.

आधी धरणाची ओळख. ते केरळच्या इडुक्की जिल्ह्यात पेरियार नदीवर आहे, पण मालकी आणि कारभार तमिळनाडूचा. अरबी समुद्राकडे वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि डोंगराच्या पोटातून बोगद्याने पूर्वेला वैगई खोऱ्यात, मदुराईच्या कोरड्या मुलखाकडे वळवायचे, असा हा १८८० च्या दशकातला बेत. ब्रिटिश लष्करी अभियंता जॉन पेनीक्विक याने तो तडीस नेला. १८८७ मध्ये काम सुरू झाले, १८९५ मध्ये संपले. धरणाची लांबी १२०० फूट, पाया धरून उंची १७६ फूट. दोन्ही अंगांना दगडी बांधकाम आणि आत चुना, सुरखी, वाळू आणि खडी यांचे काँक्रीट. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. ती मिसळली की चुना पाण्याखालीही घट्ट होतो. सिमेंट सर्रास मिळू लागण्यापूर्वी आपल्याकडचे मोठे बांधकाम याच मिश्रणावर उभे राहिले.

असे धरण पाणी कशाच्या जोरावर अडवते? निव्वळ वजनाच्या. ते दोन्ही काठांच्या डोंगरांना रेटा देऊन उभे नसते, त्यात पोलादी सळ्याही नसतात. पाणी आडवे ढकलते, भिंतीचे वजन खाली दाबते, आणि या दोन्ही जोरांची मिळून जी तिरकी दिशा होते ती पायाच्या मधल्या भागातून गेली की धरण सुखरूप राहते. ती दिशा कोरड्या बाजूकडे फार सरकली, तर पाण्याकडच्या कडेला भिंत खडकावरून उचलली जाऊ पाहते. दगड आणि चुना दाब भरपूर सोसतात, ताण मात्र जवळपास अजिबात सोसत नाहीत. म्हणून तिथे भेग पडते.

पाण्याचा रेटा खोलीच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. खोली दुप्पट झाली तर एकूण रेटा चौपट होतो आणि भिंतीला उलथू पाहणारा जोर आठपट. मुल्लपेरियारच्या जलाशयाची मूळ पूर्ण पातळी १५२ फूट. तेवढे पाणी असले की सर्वात खोल जागी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर हजार टनांहून थोडा जास्त आडवा रेटा येतो. पाणी १३६ फुटांवर ठेवले तर तो ८६० टनांच्या आसपास उतरतो. म्हणजे पातळी साधारण १० टक्क्यांनी कमी केली, रेटा २० टक्क्यांनी घटला आणि उलथवणारा जोर २८ टक्क्यांनी. धरणाविषयी शंका आली की अभियंते आधी पाणी उतरवायला सांगतात, ते या हिशेबामुळे. राजकारण्यांना मात्र पातळी म्हणजे मानापमानाचा आकडा वाटतो.

इथपर्यंतचे गणित पेनीक्विकच्या पिढीला चांगले ठाऊक होते. त्या पिढीच्या हिशेबात पुरेशी धरलेली नव्हती ती गोष्ट म्हणजे खालून येणारे पाणी. जलाशयातले पाणी पायाच्या खडकातल्या फटींत आणि भिंतीतल्या छिद्रांत शिरते आणि तिथून भिंतीला वर उचलते. याला उचल दाब म्हणतात. दगडी बांधकाम पाण्याच्या सव्वादोन ते अडीच पट जड असते. त्रिकोणी आकाराचे धरण घेऊन साधा हिशेब मांडला, तर निचऱ्याची सोय नसताना हा उचल दाब भिंतीच्या वजनातले जवळजवळ ४० टक्के वजन खाऊन टाकू शकतो. ज्या वजनाच्या भरवशावर धरण उभे, त्यालाच ही गळती. भेगेतून कोरड्या बाजूला ठिबकणारे पाणी डोळ्यांना दिसते म्हणून त्याची बातमी होते. खरी भीती आत अडकून राहिलेल्या, न दिसणाऱ्या पाण्याची असते.

जगाला हे शिकवले फ्रान्समधल्या बूझे धरणाने, आणि योगायोग असा की तो धडा मुल्लपेरियार पूर्ण झाले त्याच वर्षीचा, १८९५ चा. बूझेची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती दुरुस्तीचीच गोष्ट आहे. १८८४ मध्ये या धरणाचा १३५ मीटर लांबीचा भाग पाण्याच्या रेट्याने एक फुटाहून अधिक पुढे सरकला. धरण फुटले नाही. पाणी उतरवून १८८८-८९ मध्ये त्याची डागडुजी झाली, आणि पायथ्याशी कोरड्या बाजूने दगडी आधाराचे बांधकाम जोडले गेले. पायथा आता सरकणार नव्हता. २७ एप्रिल १८९५ रोजी धरण फुटले ते पायथ्याशी नाही. त्या आधाराच्या वरच्या भागात आडवी भेग गेली, तिच्यात पाणी शिरून उचल दाब तयार झाला आणि वरची भिंत सुमारे पावणेदोनशे मीटर लांबीत वाहून गेली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यानंतर मोरिस लेव्ही या फ्रेंच अभियंत्याने नियम मांडला: पाण्याकडच्या बाजूला भिंतीत कुठेही, त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबापेक्षा कमी दाब असता कामा नये, म्हणजे पाणी भेग उघडूच शकणार नाही. आधार लावला म्हणजे धरण सुरक्षित झाले, असे म्हणणाऱ्याला मी नेहमी बूझेचे नाव सांगतो. आधार कुठवर लावला, हा त्यातला खरा प्रश्न.

आता पुन्हा मुल्लपेरियारकडे. चुन्याच्या बांधकामाला आणखी एक दुखणे असते. पाझरणारे पाणी चुना विरघळवून सोबत घेऊन जाते. बाहेर हवा लागली की तोच चुना कोरड्या अंगावर पांढऱ्या ओघळांच्या रूपात जमतो. चुना गेला की भिंतीत पोकळ्या पडतात, पाझर वाढतो, आणि वाढलेला पाझर अधिक चुना नेतो. सिमेंट भरून या पोकळ्या बुजतात आणि पाझर कमी होतो, काही वर्षे तरी. पण एवढ्याने भिंतीचे वजन फारसे वाढत नाही, तिची जाडी वाढत नाही, आणि मूळ हिशेबात न धरलेला उचल दाब तसाच राहतो.

११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमध्ये मच्छू नदीवरचे दुसरे धरण फुटले आणि मोरबी शहर वाहून गेले. तिकडची कारणे वेगळी होती. पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा मोठा होता आणि तो मातीच्या भरावावरून गेला. पण केरळात मुल्लपेरियारच्या खाली राहणाऱ्या लोकांच्या पोटात गोळा आला तो तेव्हाच. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्रीय जल आयोगाने पाहणी केली आणि उपाय तीन टप्प्यांत सांगितले: ताबडतोब करायचे, मधल्या काळात करायचे आणि कायमचे.

ताबडतोबीचा उपाय म्हणजे पाणी १३६ फुटांवर आणणे आणि धरणाच्या माथ्यावर सळ्यांच्या काँक्रीटची जाड टोपी चढवणे. टोपीने वजन वाढले आणि पूर माथ्यावरून गेलाच तर जुने दगड उखडणार नाहीत याचीही सोय झाली.

मधल्या काळासाठी पोलादी केबल. माथ्यावरून उभी भोके पाडली, पूर्ण भिंत ओलांडून खालच्या खडकात ३० फूट उतरवली. प्रत्येक भोकात ७ मिलिमीटर जाडीच्या ३४ तारांची एक केबल. तिचे खालचे टोक सिमेंटने खडकात पक्के केले, वरून जॅकने ताणले आणि माथ्यावर अडकवून ठेवले. अशा ९५ केबल, प्रत्येकीचा ताण १२० टन. जणू धरण वरून खाली खडकाला दाबून धरले. एकूण जोर ११,४०० टन भरतो, म्हणजे लांबीवर वाटला तर मीटरमागे तीसेक टन. हजार टनांच्या रेट्यापुढे तीस टन किरकोळ वाटतात, पण तो जोर पाण्याकडच्या कडेजवळ, जिथे भेग उघडण्याचा धोका असतो तिथेच पडतो, म्हणून त्याचा परिणाम आकड्यापेक्षा मोठा. मात्र केबल हा कायमचा इलाज नव्हे. तारांना गंज लागू शकतो, आणि भोके सिमेंटने एकदा पूर्ण भरली की आतला ताण किती उरला आहे हे पुन्हा मोजता येत नाही.

म्हणून तिसरा, कायमचा उपाय: कोरड्या बाजूने काँक्रीटची भिंत. तळाशी सुमारे ३२ फूट रुंद, साधारण १४५ फूट पातळीपर्यंत चढवलेली. वर निमुळती होत जाते असे धरले तरी सर्वात उंच भागात मीटरमागे काही शे टन वजन वाढते, आणि पायाही तेवढा रुंदावतो. पाया रुंद झाला की ती तिरकी दिशा पुन्हा मधल्या भागात येते. बूझेच्या आधाराशी तुलना करा: तो पायथ्याला होता, इथे आधार जवळजवळ माथ्यापर्यंत नेलेला आहे.

पण नुसते काँक्रीट शेजारी ओतून भागत नाही. यातली सगळी अक्कल दोन भिंतींच्या सांध्यात आहे.

पहिली अडचण भार कोण घेणार याची. नवी भिंत बांधताना पलीकडे पाणी उभेच असते आणि त्याचा रेटा जुनी भिंत आधीपासून सोसत असते. त्यासाठी ती किंचित वाकलेली, दाबलेली असते. नवे काँक्रीट त्या वाकलेल्या भिंतीला जाऊन चिकटते, तेव्हा त्याच्यावर पाण्याचा काहीच भार नसतो. पुढे पाणी जेवढे वाढेल तेवढ्याच वाढीव रेट्यात नवी भिंत वाटेकरी होते. संपूर्ण धरण घसरण्याचा विचार केला तर नवे वजन लगेच कामाला येते हे खरे. पण जुन्या भिंतीच्या पोटातला ताण कमी करायचा असेल तर काम चालू असताना पाणी शक्य तितके खाली हवे. मुल्लपेरियारची गोम इथे आहे. नदीच्या तळाशी पाणी सोडायला दरवाजाच नाही. पाणी बोगद्याने जाते आणि त्या वाटेने साधारण १०४ फुटांच्या खाली ते उतरत नाही. १५२ फुटांच्या रेट्याशी तुलना केली तर १०४ फुटांवरही ४७ टक्के रेटा उरतो आणि तो सगळा जुन्या भिंतीच्याच अंगावर. आधारभिंतीने तिला मदत मिळाली, तिच्या डोक्यावरचे मूळ ओझे कुणी काढून घेतलेले नाही. जुन्या भिंतीचे आरोग्य म्हणूनच आजही महत्त्वाचे आहे.

दुसरी अडचण घसरण्याची. जुनी आणि नवी भिंत वेगवेगळ्या हलल्या तर दोन बारीक भिंती उभ्या आहेत असा प्रकार होईल, एक जाड भिंत होणार नाही. दोन पातळ फळ्या एकमेकींवर ठेवून वाकवल्या की सांध्यात घसरतात, पण चिकटवलेली जाड फळी सहजी वाकत नाही. धरणाच्या बाबतीत ही चिकटण करायला जुन्या दगडाचा पृष्ठभाग तासून खडबडीत करतात, त्यात खाचा पाडतात आणि नव्या काँक्रीटचे दात त्या खाचांत बसवतात, शिवाय पोलादी सळ्या जुन्या भिंतीत रोवून बाहेर ठेवतात. मुल्लपेरियारला असे दात ठेवले आहेत.

तिसरी अडचण उष्णतेची, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती सुचतही नाही. सिमेंट घट्ट होताना गरम होते. मोठ्या आकारमानाच्या काँक्रीटचा गाभा कित्येक आठवडे तापलेला राहतो आणि मग निवत जाताना आकसतो. शेजारची शंभर वर्षांची भिंत मात्र केव्हाच निवून स्थिर झालेली. नवे आकसू पाहते, जुने त्याला धरून ठेवते, आणि ओढाताणीत नव्या भिंतीला तडे जातात किंवा सांधा उघडतो. म्हणून असले काँक्रीट एका दमात ओततच नाहीत. दीड-दोन मीटरचे थर, मध्ये निवायला वेळ, सिमेंटचे प्रमाण शक्य तितके कमी, आणि मोठ्या कामांत खडी व पाणी आधीच थंड करून घेतात. हातघाईने केलेले काम इथे नेमके दगा देते.

आणि चौथी अडचण निचऱ्याची. घाटातल्या रस्त्याकडेच्या संरक्षक भिंतींना ओळीने नळ्या सोडलेल्या असतात, त्यातून पावसात पाणी गळते. त्या बुजल्या की भिंत पाण्याच्या दाबाने पुढे फुगते. धरणाच्या नव्या भिंतीचेही तेच. जुन्या चुन्याच्या भिंतीतून पाणी पाझरतच राहणार. ते नव्या, घट्ट काँक्रीटमागे तुंबले, तर दोन भिंतींच्या मध्ये नवा उचल दाब तयार होईल आणि ज्या सांध्यासाठी एवढा आटापिटा केला तोच उघडेल. म्हणजे पाझर बंद करायला जाऊन धोका वाढवला असे होईल. म्हणून आत आडवी दालने ठेवतात. माणूस आत चालत जाऊ शकतो, भोकांतून येणारे पाणी तिथे जमते, मोजले जाते आणि बाहेर सोडले जाते. त्या पाण्याचा हिशेब म्हणजे धरणाची नाडी. पाणी वाढले तर का, कमी झाले तर भोके बुजली का, गढूळ आले तर काय वाहून येते आहे, हे प्रश्न दर पावसाळ्यात विचारायचे असतात.

महाराष्ट्रात हे शहाणपण मुल्लपेरियारच्या आधीच आलेले होते. अकोले तालुक्यातले प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. तेही चुन्यातले दगडी बांधकाम, उंची ८२ मीटर, म्हणजे मुल्लपेरियारपेक्षा बरेच उंच. १९६९ मध्ये गळती एकदम वाढली आणि तडे दिसले. तिथेही आधी केबल ताणल्या आणि मग कोरड्या बाजूने आधारस्तंभासारख्या भिंती बांधल्या. कोयनेचे दुखणे वयाचे नव्हते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाच्या वेळी ते धरण अगदी नवे होते. उंची १०३ मीटर, तडे मात्र पायथ्याला नाहीत, माथ्यापासून साधारण ३६ मीटर खाली पडले. तिथे कोरड्या बाजूचा उतार एकदम बदलतो, भिंतीची मान बारीक होते, आणि भूकंपात माथा चाबकासारखा हलला की सगळा ताण त्या मानेवर येतो. तड्यांत इपॉक्सी हे घट्ट चिकटणारे रसायन भरले, केबल ताणल्या आणि पुढे १९७३ पर्यंत सांडव्याखेरीजच्या भागाला कोरड्या बाजूने काँक्रीटचा आधार दिला. सांडव्याचा भाग मजबूत करायला २००६ साल उजाडले. भूकंपाचा धडा देशभरातल्या धरणांच्या हिशेबात शिरला तो कोयनेतूनच. मुल्लपेरियारचा प्रदेशही भूकंपक्षेत्रात मोडतो, म्हणून तिथली भिंत नुसत्या पाण्याच्या रेट्यापुरती आखून चालणार नव्हते.

हे सगळे दगडी आणि काँक्रीटच्या धरणांपुरते. महाराष्ट्रातली बहुसंख्य धरणे मातीची आहेत आणि त्यांच्या पाठीला काँक्रीटची भिंत टेकवून काही उपयोग नाही. त्यांच्यात पाणी मातीचे कण वाहून नेत आतून बोगदा पाडते, तेव्हा भिंत घालायची ती धरणाच्या पोटात, पाण्याची वाट तोडणारी. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात वुल्फ क्रीक धरणाखाली चुनखडीच्या गुहा आहेत. १९६८ मध्ये तिथे जमीन खचली आणि गढूळ पाणी आले. १९७५ ते १९७९ मध्ये भरावातून खाली काँक्रीटची एक भिंत उतरवली. ती पुरेशी लांब आणि खोल नव्हती, पाण्याने बाजूने नवी वाट काढली, आणि २०१३ मध्ये जास्त लांब, जास्त खोल अशी दुसरी भिंत पूर्ण करावी लागली. पुन्हा बूझेचाच प्रश्न, फक्त उंचीऐवजी खोलीचा.

मुल्लपेरियारचा वाद पुढे न्यायालयात गेला. दुरुस्ती झाली, आता पाणी पुन्हा वाढवू द्या, असे तमिळनाडूचे म्हणणे. धरण म्हातारे आहे, नवेच बांधा, असे केरळचे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये १४२ फुटांपर्यंत परवानगी दिली. केरळने लगेच कायदा बदलून ती अडवली. ७ मे २०१४ रोजी घटनापीठाने तो बदल रद्द केला आणि १४२ फूट कायम ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाणी तिथवर गेले. माझ्या मते दोन्ही राज्यांचा युक्तिवाद एका ठिकाणी चुकतो. एक बाजू आधारभिंत दाखवून वय पुसून टाकते, दुसरी वय दाखवून आधारभिंत. पाझराचे प्रमाण, उचल दाबाची मोजणी आणि सांध्याची अवस्था, या तीन नोंदी वर्षानुवर्षे दोन्ही राज्यांतल्या लोकांना उघड दिसल्या असत्या तर निम्मी भांडणे उद्भवलीच नसती.

१५२ फुटांचा प्रश्न मात्र मोठ्या धरणाशी नाही, त्याच्या शेजारच्या छोट्या धरणाशी अडला आहे. त्याला बेबी डॅम म्हणतात. २४० फूट लांब, ५३ फूट उंच. ते मजबूत केल्यावरच पाणी १५२ फुटांवर नेण्याचा विचार करायचा, असे न्यायालयाने ठरवून दिले. त्याच्या पाठीला आधार द्यायचा तर कामाच्या जागेवरची झाडे काढावी लागतात, आणि ती उभी आहेत पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केरळच्या वनखात्याकडून १५ झाडे तोडायची परवानगी निघाली. तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी पत्र लिहून आभार मानले, केरळात गदारोळ झाला, आणि काही दिवसांत परवानगी मागे घेतली गेली.